मामा घरीच आहेत

बारकी पन्नाशीला टेकली होती, अंगानं चांगली भरली होती, आणि पालिकेच्या वृद्धसेवा विभागाची प्रमुख होती. ती आली की कारकून मंडळी मोबाइल उलटे ठेवून एकदम कामाला लागत. पण मामांच्या लेखी ती बारकीच. भावंडांत शेंडेफळ, म्हणून लहानपणी पडलेलं नाव. आई गेल्यावर मामांनी तिला आपल्या दोन खोल्यांत आणून वाढवलं, शिकवलं, आणि नोकरी लागली त्या दिवशी एवढंच म्हणाले, "आता खुर्चीला चिकटू नकोस म्हणजे मिळवलं." मामा बसचे वाहक होते. निवृत्त होऊन जमाना झाला, तरी घरात चार माणसं जमली की "आत सरका, आत सरका" करत.

बारकीच्या विभागाचा सध्या जिकडेतिकडे बोलबाला होता. पूर्वी पालिकेच्या मोजक्या सेविका एकट्या म्हाताऱ्यांकडे जेवण घेऊन जात. आत जाऊन बसत, पाय सुजलेत का बघत, औषध घेतलं नाही म्हणून भांडत, सुनांच्या कागाळ्या ऐकत आणि एका घरी अर्धी दुपार घालवत. त्यामुळे थोड्यांनाच जेवण मिळे आणि बाकीचे प्रतीक्षायादीत बसून म्हातारे व्हायचे ते आणखी म्हातारे होत. मग बारकीनं भागीदारी जुळवून आणली. स्वयंपाक एका कंपनीनं करायचा, डबे एका सेवाभावी संस्थेच्या स्वयंसेवकांनी पोचवायचे, यादी आणि पैसा पालिकेचा. बघता बघता शहराच्या कानाकोपऱ्यात गरम जेवण पोचायला लागलं. हे खोटं नव्हतं. ज्यांच्या पोटात अन्न गेलं त्यांचा दुवा बारकीला खरोखर लागला असेल.

फक्त एका ठिकाणी घोडं अडलं होतं. म्हातारा माणूस ठीक आहे हे कळायचं कसं? स्वयंसेवकांनी घरात शिरायचं नाही असं कंपनीच्या विम्यात लिहिलं होतं, आणि आत बसायला त्यांना वेळही नव्हता. तेव्हा बैठकीत कंपनीच्या व्यवस्थापकानं तोडगा काढला. या माणसाला बारकीच्या कार्यालयात टायवाला म्हणत, कारण उन्हाळ्यातसुद्धा त्याचा टाय सैल होत नसे. तो म्हणाला, दाराबाहेर एक आकडा ठोकू. त्यावर भरलेला डबा अडकवायचा आणि कालचा धुतलेला रिकामा डबा उचलायचा. डबा रिकामा, म्हणजे माणूस जेवला. जेवला, म्हणजे बरा आहे. स्वयंसेवकानं मोबाइलवर बोट दाबलं की नावापुढे हिरवी खूण. लागोपाठ दोनदा डबा भरलेला परत आला, तर नाव कापायचं आणि यादीतल्या पुढच्याला डबा द्यायचा. अन्न वाया जाता कामा नये.

सगळ्यांनी माना डोलावल्या. एक जुनी सेविका मागून म्हणाली, "पण डबा भरलेला का राहिला, हे आत जाऊन बघणार कोण?" टायवाला म्हणाला, ते संस्थेकडे. संस्थेच्या ताई म्हणाल्या, आमच्या करारात नाही, पालिकेकडे असेल. आणि पालिका म्हणून बारकी म्हणाली, "पुढच्या बैठकीत घेऊ." पुढच्या बैठकीत योजनेला मिळालेल्या बक्षिसाचा विषय निघाला आणि हा विषय जो मागे पडला तो पडलाच.

मामांचं नाव बारकीनं यादीत स्वतः घातलं, रांग न मोडता. मामांनी कुरकुर केली, मग जेवण पसंत पडलं. त्याआधी दर रविवारी बारकी त्यांच्याकडे जाई, काहीतरी करून घालून येई. डबा सुरू झाल्यावर ते जाणं एका रविवारआड झालं, मग कधीतरीच झालं. मामांना फोन करण्यात अर्थ नसे, कारण मोबाइल वाजला की दचकायला होतं म्हणून ते तो बंद करून कपाटात ठेवत. पण बारकीच्या मोबाइलवर रोज दुपारी मामांच्या नावापुढे हिरवी खूण उमटायची, आणि ती बघितली की तिला मामांना भेटून आल्यासारखं वाटायचं. वाटायचं ते वाटायचं, त्याला इलाज नाही.

आणि एक दिवस शेजारच्या शहराच्या पालिकेचे पाहुणे ही योजना बघायला आले. पुढे त्यांच्या अध्यक्षा, मागे दोन अधिकारी आणि एक फोटोवाला. सादरीकरण झालं, आकडे दाखवून झाले. अध्यक्षाबाई म्हणाल्या, "पडद्यावर सगळं छानच दिसतं हो. एखादं घर दाखवा ना."

बारकीला आयतंच हवं होतं. मामांसारखा बोलका माणूस अख्ख्या यादीत नव्हता. पाहुण्यांना हसवतील, दोन टोले पालिकेलाही हाणतील, म्हणजे सगळं खरं वाटेल. शिवाय मामांची भेटही होऊन जाईल. मोबाइलवर कालच्या तारखेला हिरवी खूण होतीच. ती पाहुण्यांना घेऊन निघाली. टायवाला आणि संस्थेच्या ताई सोबत होत्या.

इमारत जुनी, जिना अरुंद. मामांच्या मजल्यावर पोचेपर्यंत अध्यक्षाबाईंना धाप लागली. दाराशेजारी आकड्यावर डबा लटकत होता. टायवाल्यानं तो अलगद काढला आणि झाकण उघडून सगळ्यांना आतून दाखवला.

"बघा. कालचा डबा. घासूनपुसून ठेवलाय. यालाच आम्ही लाभार्थ्याचा सहभाग म्हणतो."

फोटोवाल्यानं रिकाम्या डब्याचा फोटो काढला. बारकीनं दार वाजवलं. मग पुन्हा वाजवलं. मग आवाज चढवून म्हणाली, "मामा, मी बारकी. पाहुणे आलेत."

आतून काही हालचाल नाही. शेजारचं दार मात्र उघडलं आणि गळ्यात मोजपट्टी अडकवलेली शिंपीणकाकू बाहेर आली. तिचं शिवणकाम घरातच चालायचं. एवढी माणसं बघून ती दारातच थबकली.

"मामा झोपलेत का हो?" बारकीनं विचारलं.

"मामा?" शिंपीणकाकू तिच्याकडे बघतच राहिली. "मामा कुठायत इथे? त्यांना दवाखान्यात नेलं ना."

"कधी?"

"झाले की बरेच दिवस. मागच्या महिन्यात. जिन्यात पाय घसरला हो त्यांचा, उठताच येईना. मी गाडीला फोन केला." आणि मग तिचाच चेहरा बदलला. "अहो, तुम्हाला माहीत नाही? गाडीवर पालिकेचं चिन्ह होतं. मला वाटलं, तुमचीच गाडी, तुम्हीच सगळं बघताय. रविवारी आला नाहीत तेव्हा म्हटलं, तिकडेच जात असतील."

 बारकीनं कठडा धरला. तिला काय विचारावं तेच सुचेना, आणि सुचला तो भलताच प्रश्न.

"मग हा डबा?"

शिंपीणकाकूनं एकदा डब्याकडे पाहिलं, एकदा टायवाल्याकडे, आणि मोजपट्टी बोटाला गुंडाळत म्हणाली, "तो मी खाते."



"म्हणजे चोरून नाही हो," ती घाईघाईनं म्हणाली. "मामांनीच सांगितलं. गाडीत घालताना, एवढं दुखत असताना सांगितलं. म्हणाले, डबा भरलेला परत जाऊ देऊ नकोस. दोनदा गेला की नाव कापतात. मी बरा होऊन येईन तेव्हा पुन्हा रांगेत लागायला माझ्याकडे आयुष्य उरलेलं नाही. म्हणून मी रोज खाते. मला खरं तर ते अळणी जेवण घशाखाली उतरत नाही, पण शब्द दिला होता. खाते, धुते आणि अडकवते."

टायवाल्यानं डबा पुन्हा आकड्यावर अडकवला, जसा काही तो फुटेल. मग हळूच म्हणाला, "मॅडम, आमच्या बाजूनं डबा वेळेवर गेलेला आहे." संस्थेच्या ताई म्हणाल्या, "उचलणंही वेळेवर आहे." बारकीनं दोघांकडे असं पाहिलं की दोघंही गप्प झाले. पण ती तरी कोणत्या तोंडानं बोलणार होती? अध्यक्षाबाईंनी फोटोवाल्याचा कॅमेरा हातानं खाली केला आणि म्हणाल्या, "तुम्ही आधी जा. आमचं राहू दे."

बारकी निघाली. शिंपीणकाकू गळ्यातल्या मोजपट्टीसकट तिच्या मागोमाग जिना उतरली आणि न विचारता रिक्षात शेजारी बसली. वाटेत ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, "मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे." बारकी मनात दिवस मोजत होती.  एवढे दिवस. आणि एवढे दिवस रोज दुपारी ती हिरवी खूण बघून निवांत जेवली होती. मामा आहेत का, एवढा एकच प्रश्न तिच्या डोक्यात घुमत होता, आणि तो प्रश्न पुरा करायची तिची छाती होत नव्हती.

रुग्णालयही भागीदारीतलंच. इमारत पालिकेची, माणसं आणि गाड्या एका न्यासाच्या, गाड्यांवर चिन्ह तेवढं पालिकेचं. चौकशीच्या खिडकीतल्या मुलीनं मामांचं नाव टाइप केलं आणि मान हलवली.

"या नावाचं कुणी दाखल नाही."

"घरी सोडलं असेल. नाहीतर..." बारकीला पुढचा शब्द उच्चारवेना.

"थांबा हं. नाव आहे." मुलीनं पडदा बारकीकडे वळवला. तिच्या आवाजात मदत करायची खरी हौस होती. "पण ते पेशंट नाहीत. ते घरी आहेत. ही बघा पालिकेची यादी, आम्हालाही दिसते आता. काल दुपारी जेवलेत. घाबरू नका, काकू. मामा घरीच आहेत."

पडद्यावर मामांचं नाव होतं आणि पुढे हिरवी खूण. सगळ्या भागीदारांना एकच यादी दिसावी म्हणून बारकीनंच वर्षभर पाठपुरावा केला होता. त्यासाठीच तर बक्षीस मिळालं होतं. आता तीच यादी तिला सांगत होती की तिनं उगाच त्रास घेऊ नये.

मागून जाणारी एक परिचारिका थांबली. हातात सलाइनच्या बाटल्या होत्या.

"तुम्ही वरच्या मजल्यावरच्या आजोबांबद्दल विचारताय का? कंडक्टर आजोबा? आम्हीच नाव पाडलंय. सगळ्यांना आत सरका म्हणतात."

शिंपीणकाकूनं बारकीचा दंड घट्ट धरला. "तेच," ती म्हणाली. "तेच हो. आहेत ना?"

"आहेत. पायाचं ऑपरेशन झालं, छान झालं. पण डोक्याचं जरा..." परिचारिकेनं बाटल्या खिडकीच्या फळीवर ठेवल्या. "आले तेव्हा जवळ काही कागद नव्हता. नाव सांगितलं, पत्ता सांगितला. आम्ही यादीत बघितलं तर त्या नावाचा माणूस घरी जेवतोय. म्हटलं, म्हाताऱ्याचा काहीतरी घोटाळा होतोय, म्हणून नोंद अनोळखी अशीच केली. ते म्हणायला लागले, माझी भाची पालिकेत मोठी अधिकारी आहे, तिला बोलवा. आता इथे येणाऱ्या सगळ्यांचंच कुणी ना कुणी पालिकेत मोठं असतं हो. तरी आम्ही पालिकेच्या मदतकेंद्राला विचारलं. दोनदा विचारलं."

"मग?"

"उत्तर आलं ना. सदर व्यक्ती आपल्या निवासस्थानी असून नियमित भोजन घेत आहे."

हे वाक्य बारकीनं स्वतः घडवलं होतं. लोक सारखे चौकशा करतात, दर वेळी नवं उत्तर कोण लिहिणार, म्हणून तिनं एक छापील वाक्य ठरवून दिलं होतं. तिच्याच विभागातल्या कुणीतरी यादी बघून ते इमानेइतबारे पाठवलं होतं.  शिव्या घालायला एखादा चोर, एखादा कामचुकार सापडला असता तर तिला केवढा आधार वाटला असता. पण जेवण रांधणाऱ्यानं रांधलं होतं, पोचवणाऱ्यानं पोचवलं होतं, गाडी वेळेवर आली होती, डॉक्टरांनी पाय जोडला होता, शेजारणीनं दिलेला शब्द पाळला होता. सगळ्यांनी आपापलं काम चोख केलं होतं, आणि त्यातून एक जिवंत माणूस खोटा ठरला होता.

"डॉक्टरांनी मग लिहिलं, ओळखीचा भ्रम," परिचारिका सांगत होती. "सुरुवातीला खूप भांडले आजोबा. औषध सुरू केल्यावर शांत झाले. आज त्यांना हलवायचंय. अशा बेवारस, भ्रमिष्ट लोकांचा तो निवारा आहे ना, शहराबाहेर, तिकडे. गाडी लागलीसुद्धा असेल."

बारकी धावली. ज्या बाईला चार पायऱ्या चढताना दम लागे, ती दोन-दोन पायऱ्या घेत वर गेली. शिंपीणकाकू मागे पडली. वरच्या दालनात चाकांचं स्ट्रेचर खाटेला लावून उभं होतं आणि दोन माणसं मामांना त्याच्यावर सरकवून पट्टा बांधत होती.

"थांबा," बारकी म्हणाली. "यांना कुठेही न्यायचं नाही."

"आपण कोण?" एकानं विचारलं.

"भाची आहे मी त्यांची."

त्या दोघांनी एकमेकांकडे बघितलं. पालिकेतली भाची ही बहुधा त्या मजल्यावरची जुनी थट्टा असावी. तरी त्यांनी हात मागे घेतले.

मामा अर्धे झाले होते. दाढी वाढलेली, गाल आत गेलेले, अंगात दुसऱ्याच कुणाच्या मापाचा सदरा. बारकी वाकली आणि तिनं पट्टा सोडला. मामांनी डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं. ते पाहणं परक्याकडे पाहतात तसं होतं, अदबशीर.

"आपण कुणाकडून आलात?" ते म्हणाले. "न्यासाकडून की संस्थेकडून?"

 एवढे दिवस त्यांच्या खाटेशी जो आला तो कुणाकडून तरी आला होता, आणि मामांचं म्हणणं ऐकून ते आपल्याकडे येत नाही म्हणून निघून गेला होता.

"मामा," ती म्हणाली. "मी बारकी."

त्यांनी तिचा चेहरा बराच वेळ न्याहाळला. मग हात उचलून तिच्या गालाला लावून बघितला. हात थंडगार होता.

"बारके," ते म्हणाले. आवाज औषधानं जड झाला होता, पण होता मामांचाच. "बरं झालं आलीस. माझं एक काम कर. हे सगळे म्हणतात, मी घरी आहे. रोज जेवतोय म्हणे, डबा धुऊन ठेवतोय. आधी मी खूप भांडलो यांच्याशी. मग म्हटलं, एवढी शिकलेली माणसं कशाला खोटं बोलतील? एक नाही, दोन नाही, सगळेच. मलाच काही कळेनासं झालंय. तू जरा घरी जाऊन ये आणि मी आहे का तिथे बघ. असलो तर मी यांच्याबरोबर मुकाट्यानं जातो."

बारकीला हुंदका आवरेना. खोलीतली माणसं बघत होती आणि विभागप्रमुख बाई तोंडात पदर कोंबून रडत होती. शिंपीणकाकू धापा टाकत दारात येऊन उभी राहिली होती, तिनंही डोळे टिपले.

"बघून आले, मामा," बारकी कशीबशी म्हणाली. "आत्ता तिथूनच येतेय. तुम्ही नाही तिथे. तुम्ही इथे आहात."

मामांच्या कपाळावरच्या आठ्या थोड्या सैल झाल्या. त्यांनी तिचा हात धरला. मग काहीतरी आठवल्यासारखे ते पुन्हा तिच्याकडे रोखून बघायला लागले.

"नक्की ना?" ते म्हणाले. "दार उघडून आत गेली होतीस, की नुसता डबाच बघून आलीस?"